कार इन्शुरन्स 9,081 वरून थेट 14,863! रिन्यूअलला नऊ दिवस उरलेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

असल्या धाग्यांवर मी एरवी वाचनमात्र असते. या वेळी स्वतःवरच आलंय म्हणून विचारते.

गाडी नोव्हेंबर 2018 ची, पेट्रोल हॅचबॅक, 1197 सीसी, पुणे पासिंग, माझ्या नावावर. आम्ही सिंहगड रोडला राहतो आणि गाडी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये असते. वापर फार नाही. ऑफिसला मी स्कूटरने जाते, त्यामुळे कार म्हणजे शनिवार-रविवार आणि महिन्यातून एकदा माहेरी सातारा. पॉलिसी 18 नोव्हेंबरच्या मध्यरात्री संपतेय.

काल रिन्यूअलची नोटीस आली. गेल्या वर्षी 9,081 भरले होते, या वर्षी 14,863 मागतायत. गाडी वर्षभराने म्हातारी झाली, तिची किंमत कमी झाली आणि विमा मात्र पावणेसहा हजारांनी वाढला, हे गणित मला काही केल्या पटत नाहीये. आमच्या एजंट काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, यंदा सगळ्याच कंपन्यांनी वाढवलंय, थर्ड पार्टीपण वाढलीय, काही करता येत नाही. लिंक पाठवतो, भरून टाका." काका सासऱ्यांच्या ओळखीतले, वीस वर्षांपासून घरातल्या सगळ्या गाड्या तेच बघतात. त्यामुळे तोंडावर काही बोलता आलं नाही.

नवरा म्हणतो, सहा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स हवाच कशाला, नुसती थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई देणारा विमा) घे. चुलतभावाचं म्हणणं, ऑनलाइन दुसऱ्या कंपनीची घे, निम्म्यात होईल. दोघांनाही यातलं किती कळतं याबद्दल मला शंका आहे. (दोघं इथे येत नाहीत म्हणून लिहायची हिंमत.)

तर प्रश्न असे. इतकी वाढ खरंच सगळीकडे झालीय का? कंपनी बदलली तर क्लेमच्या वेळी त्रास होतो का? आणि झिरो डेप (क्लेममध्ये भाग जुने झाले म्हणून पैसे कापू नयेत यासाठीचं जादा कव्हर) या वयाच्या गाडीला ठेवावं की काढावं?

---

चहाबाज: नुसती बेरीज टाकून कुणीच काही सांगू शकणार नाही. नोटिशीच्या दुसऱ्या पानावर ब्रेकअप असतो, तो टाका. गेल्या वर्षीच्या पॉलिसीचाही टाका. आणि मधल्या काळात क्लेम केला होता का?

निळी छत्री: एजंट काका थर्ड पार्टी वाढली म्हणतात ते चूक आहे. थर्ड पार्टीचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. जून 2022 पासून 1000 सीसीपर्यंत 2,094, 1000 ते 1500 सीसी 3,416 आणि त्यावर 7,897 असे आहेत. तुमची 1197 म्हणजे 3,416. गेल्या वर्षीही तेच असणार, बघा. कुठल्याही कंपनीत जा, हा आकडा रुपयाने हलत नाही. फरक पडतो तो ओडीत, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तिथे 2007 पासून कंपन्यांना आपापले दर लावायची मोकळीक आहे.

धागाकर्ती: धन्यवाद. दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले.

गेल्या वर्षी: ओडी 5,200, त्यातून एनसीबी (क्लेम न केल्याचा बोनस) 50 टक्के वजा म्हणजे 2,600. झिरो डेप 1,350. थर्ड पार्टी 3,416. मालक-चालक अपघात विमा 330. वर 18 टक्के जीएसटी. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) 3,40,000.

या वर्षी: ओडी 5,600, एनसीबीच्या रकान्यात शून्य. झिरो डेप 1,900. इंजिन प्रोटेक्ट 700, कन्झ्युमेबल्स 450, रोडसाइड असिस्टन्स 200. थर्ड पार्टी तेच 3,416 (छत्रीताई/दादा, बरोबर होतात). अपघात विमा 330, मग जीएसटी. आयडीव्ही 3,06,000.

इंजिन प्रोटेक्ट वगैरे मी कधीच मागितलं नव्हतं. आणि हो, मार्चमध्ये एक क्लेम केला होता. मागून रिक्षाने ठोकलं, बंपर आणि टेललाइट गेली. बिल 6,200 चं, त्यातले 1,000 मी भरले, 5,200 कंपनीने दिले. काकाच म्हणाले होते, पैसे भरताय तर वापरा की. तेवढ्याशा क्लेमने सगळा बोनस जातो?

चहाबाज: हो, सगळा जातो. क्लेम पाचशेचा असो की पाच लाखांचा, एनसीबी शून्यावर येतो. एनसीबी प्रोटेक्ट नावाचा वेगळा अॅड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं कव्हर) असेल तरच वाचतो, तो तुमच्याकडे दिसत नाही.

आता खरं दुखणं सांगतो, पाणी पिऊन घ्या. एनसीबी परत चढतो तो पायरी पायरीने. बिनक्लेमचं एक वर्ष गेलं की 20, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50. म्हणजे क्लेम केला नसतात तर दरवर्षी 50 मिळत राहिले असते. आता या वर्षी 50 टक्क्यांचा तोटा, पुढच्या वर्षी 30 चा, मग 25, 15, 5. बेरीज 125 टक्के. तुमची ओडी 5,600 धरली तर 7,000 रुपये, त्यावर जीएसटी धरून 8,260. आयडीव्ही उतरेल तसा हा आकडा थोडा खाली येईल, पण 5,200 मिळवायला तुम्ही साताठ हजार घालवलेत हे नक्की.

आमच्याकडे नियमच केलाय. एनसीबी पन्नासवर असेल तर दहा हजारांच्या आतलं काम गपचूप गॅरेजमध्ये खिशातून करायचं. बंपरचा ओरखडा तर कोपऱ्यावरच्या डेंटरकडे.

धागाकर्ती: अरे देवा. हे मार्चमध्ये कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणजे 14,863 मधला मोठा वाटा मी माझ्याच हाताने आणलाय.

घाटवाट: मोठा आहे, सगळा नाही. एनसीबी गेल्याचे जीएसटीसकट 3,300 धरा. न मागता चिकटवलेले तीन अॅड-ऑन 1,350, त्यावर जीएसटी, म्हणजे जवळपास 1,600. उरलेलं ओडी आणि झिरो डेप महाग केल्याचं. एनसीबीचं काही होणार नाही, बाकीचं तुमच्या हातात आहे.

एक सोपी गोष्ट आधी बघा. स्कूटर तुमच्याच नावावर आहे का? तिच्या पॉलिसीत 15 लाखांचा मालक-चालक अपघात विमा असेल तर तो कारवर पुन्हा घ्यायची गरज नाही. फॉर्ममध्ये तसं जाहीर करायचं. 330 आणि त्यावरचा कर वाचतो. रक्कम लहान आहे, पण बरेच लोक वर्षानुवर्षं दोनदा भरतात.

झिरो डेप मात्र काढू नका. सहा वर्षांच्या गाडीला झिरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे 50 टक्के आणि पत्र्याचे 40 टक्के कापून क्लेम देतात. हल्लीच्या गाड्या पुढून-मागून प्लास्टिकच्याच. नवले पुलाच्या उतारावर एकदा अपघातात सापडलात की कळेल. काही कंपन्या पाच वर्षांनंतर झिरो डेप देतच नाहीत, तुमची देतेय हे बरं म्हणायचं.

एकटा जीव: नुसती थर्ड पार्टी घ्या असं सांगणाऱ्यांना विचारा, तीन लाखांची गाडी चोरीला गेली तर खिशातून नवी घेणार का. माझी घेतली होती मी. विषय संपला.

मुठाकाठ: सिंहगड रोड आणि बेसमेंट हे वाचून थांबलो. मी एकतानगरी परिसरातला. याच वर्षी, 25 जुलै 2024 ला, खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि पहाटे पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. त्या दिवशी शेजारी जे शिकले ते सांगतो. गाडी पाण्यात बुडून सीट, वायरिंग खराब झालं तर साधी फुल पॉलिसी देते. पण पाणी शिरलेलं इंजिन चालू केलं आणि ते बसलं, तर साध्या पॉलिसीत हात वर करतात. पूर आला तो तुमचा दोष नाही, पण चावी तुम्ही फिरवली, असा त्यांचा हिशोब. तेव्हा बाकी अॅड-ऑन खुशाल काढा, इंजिन प्रोटेक्ट तुम्ही ठेवा. न मागता दिलेल्यांपैकी हे एकच तुमच्या कामाचं आहे. आणि पाणी ओसरल्यावर गाडी चालू करून बघायची नाही. आधी फोटो, मग कंपनीला फोन, मग टो.

लंडनकर: अवांतर, पण राहवलं नाही. इकडे इंग्लंडमध्ये रिन्यूअल नोटिशीवर गेल्या वर्षीचा प्रीमियम छापावाच लागतो, 2017 पासून. आणि 2022 पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त भाव लावायला बंदी आहे. तरी विमा महागच आहे म्हणा. पण निदान दोन कागद शेजारी ठेवून बसावं लागत नाही.

धागाकर्ती: मुठाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. आमच्या सोसायटीत त्या दिवशी पाणी आलं नव्हतं, पण गल्लीच्या तोंडापर्यंत होतं. इंजिन प्रोटेक्ट ठेवते.

स्कूटरची पॉलिसी काढून बघितली, तिच्यात 15 लाखांचा अपघात विमा आहे. चार वर्षं दोनदा भरतेय!

आता चुलतभावाचा मुद्दा. त्याने तुलना करणाऱ्या साइटवर माझ्यासाठी भाव काढला, तो खरंच निम्म्याच्या आसपास होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, 'मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला का' याला त्याने 'नाही' दाबलं होतं. म्हणतो, कुणी बघत नाही, सगळे करतात.

निळी छत्री: नका करू! नवी कंपनी जुन्या कंपनीकडून एनसीबीची खातरजमा करते. नाही केली तर उद्या क्लेमच्या वेळी हमखास करणार. खोटा एनसीबी सापडला की ओडीचा क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण. तीन हजार वाचवायला तीन लाखांची गाडी उघड्यावर ठेवल्यासारखं आहे.

साइटवरची दुसरी मेख म्हणजे आयडीव्ही. स्वस्त भाव दाखवायला आयडीव्ही गुपचूप खाली ओढलेला असतो. चोरीत किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला तर तेवढेच पैसे हातात येतात. सगळ्या कंपन्यांना एकच आयडीव्ही टाकून मगच तुलना करा. आणि हो, मी छत्रीताई आहे, दादा नाही.

एकटा जीव: इर्डाच्या (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. लूट चाललीय.

चहाबाज: कसली तक्रार? भाव पटला नाही ही तक्रार होत नाही. क्लेम अडवला, पैसे घेऊन पॉलिसी दिली नाही, तर पोर्टल आहे, पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. भाव नाही पटला तर दुसरं दुकान.

धागाकर्ती, काही करा पण 18 तारीख ओलांडू नका. एक दिवस जरी मध्ये गेला तरी कंपनी आधी गाडीचं इन्स्पेक्शन मागते. तेवढ्या दिवसांत काही झालं तर आपलं आपण. विनाविमा पकडलं तर पहिल्या वेळी 2,000 दंड आहे तो वेगळाच. आणि ज्यांचा एनसीबी शिल्लक आहे त्यांनी लक्षात ठेवा, 90 दिवस उलटले की तोही जातो.

धागाकर्ती (13 नोव्हेंबर): अपडेट देते.

आधी काकांना फोन केला. ब्रेकअप समोर घेऊन बोलले, त्यामुळे या वेळी आवाज जरा खणखणीत होता. कन्झ्युमेबल्स, रोडसाइड आणि अपघात विमा काढायला लावलं, ओडीत सवलत मागितली. तासाभरात 12,881 चा नवा भाव आला. ज्यात "काही करता येत नाही" होतं त्यात एका फोनवर दोन हजार सुटले. याचा राग जास्त आला.

मग स्वतः ऑनलाइन बसले. क्लेम 'हो', एनसीबी शून्य, आयडीव्ही तोच 3,06,000, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही ठेवून. एका कंपनीत ओडी 4,300, झिरो डेप 1,700, इंजिन 600, थर्ड पार्टी 3,416, जीएसटी धरून 11,819. त्यांच्या कॅशलेस गॅरेजच्या यादीत आमचं नेहमीचं सर्व्हिस सेंटर आहे का ते सेंटरलाच फोन करून विचारलं. आहे. पैसे भरले.

घाटवाट: छान. पीडीएफ उघडून बघितलीत का? नोंदणी क्रमांक, इंजिन नंबर, चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

धागाकर्ती: बरं झालं सांगितलंत. चेसिस नंबरमध्ये एका ठिकाणी 8 चा B झालाय. आरसीचा फोटो जोडून मेल टाकला.

धागाकर्ती (15 नोव्हेंबर): दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट आलं, फुकट. प्रिंट गाडीत ठेवली.

मुठाकाठ: उत्तम. एजंट काकांना सांगितलंत का?

धागाकर्ती: अजून नाही. डिसेंबरच्या शेवटी ते दरवर्षी कॅलेंडर द्यायला येतात, तेव्हा चहावर सांगावं लागेल. सासऱ्यांच्या गाडीचं रिन्यूअल जानेवारीत आहे, ते त्यांच्याकडेच राहील. ब्रेकअप तेवढा आधी मागवून ठेवलाय.