किरायाच्या फ्लॅटचा स्लॅब सुटतोय, मालक पुण्यात, सोसायटी नाही. काय करता येईल?

मुक्कामी_गाडी:
नमस्कार. मी एसटीत वाहक आहे. अमरावती जिल्ह्यात, खारपाण पट्ट्यातल्या (जिथं जमिनीखालचं पाणी खारट) एका तालुक्याच्या गावी राहते. गावाचं आणि बिल्डिंगचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालकाशी बोलणं अजून सुरू आहे आणि मला भांडण नको, दुरुस्ती पाहिजे.

घरी आई, मी आणि सातवीतला मुलगा. बिल्डिंग तीन मजली, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर किरायानं. किराया ४,५०० रुपये. कागद ११ महिन्यांचा, नोटरी केलेला, दरवर्षी नवा होतो. बारापैकी तीनच घरांत मालक स्वतः राहतात. बाकीचे पुण्याला, अमरावतीला. कोणी पोरीच्या नावानं घेऊन ठेवला, कोणी वावर विकून आलेला पैसा गुंतवला. बिल्डरनं सोसायटी केलीच नाही. फ्लॅट विकले आणि पुढच्या ले-आउटच्या मागे लागला. मेंटेनन्सचे पैसे गोळा करायला कोणी नाही, म्हणून मेंटेनन्सही नाही.

सगळ्यात मोठी काळजी स्लॅबची. मधल्या खोलीत आई झोपते तिथं वर आधी पिवळट डाग पडला, मग छपाई (प्लास्टर) फुगली. झाडूचा दांडा लावला तर पोकळ वाजायची. पोळ्याच्या सुमारास एका दुपारी पोळपाटाएवढी खपली खाली आली. आई स्वयंपाकघरात होती म्हणून बरं. गादीवर सिमेंटचा चुरा आणि गिट्टीचे दोन खडे. वर पाहिलं तर दोन गज उघडे, तांबडे झालेले, आणि त्यांच्यावरून गंजाचे पापुद्रे सुटत होते. स्टुलावर चढून बोटानं खरवडलं तर पापुद्रा हातात आला. तेव्हापासून डाग वाढतोच आहे.

दुसरं म्हणजे सामाईक मीटर. बिल थकलं म्हणून लाइन कापली. जिन्यातले दिवे त्याच मीटरवर, पाण्याची मोटरही त्याच मीटरवर. नळाचं पाणी खालच्या टाक्यात येतं, वर चढत नाही. माझी कधी पहाटेची पहिली गाडी, कधी मुक्कामी ड्यूटी. मी मुक्कामी असले की पोरगा शाळेतून येऊन अंधाऱ्या जिन्यानं बादल्या वर नेतो. आईचे गुडघे गेलेले आहेत, ती खाली उतरूच शकत नाही.

पार्किंगमधलं चेंबरही तुंबतं. ते आम्ही किरायेदार वर्गणी काढून उपसून घेतो, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मालक फोनवर नीट बोलतात. "बघतो ताई, दिवाळीत येतो" म्हणाले. आले नाहीत. परत फोन केला तर म्हणाले, जमत नसेल तर सोडा, मला किरायेदार मिळेल.

घर सोडा हा सल्ला कृपा करून देऊ नका. डेपो इथून पायी जाण्यासारखा आहे, पहाटे पाचला दुसरं काही साधन मिळत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्यामागे आईला जेवायला वाढतात. आणि दुसरीकडे खोली पाहायला गेलं की पहिला प्रश्न असतो, बाई रात्री उशिरा येते का. शिवाय मी गेले तर त्याच खाटेच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी आई झोपेल. किराया मी महिन्याच्या पाच तारखेच्या आत देते. त्याच्या बदल्यात डोक्यावरचं छत धड असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा स्लॅब किती धोक्याचा समजायचा? मी स्वतः दुरुस्ती करून किरायातून पैसे कापू शकते का? आणि मीटरचं काय करायचं?

वऱ्हाडी_आबा:
बाई, आधी मायची खाट त्या खोलीतून काढ. बाकीचं मंग पाहू. अन् मालकाले फोन करणं बंद कर, कागदावर लिही. फोनवरचं बोलणं उद्या कोणी कबूल करत नाही. लिहिलेल्या कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवजो.

साइटवरचा:
मी सिव्हिल डिप्लोमा करून बरीच वर्षं साइटवर काढली आहेत, तीही याच पट्ट्यात. फोटो नसताना खात्रीनं सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही जे लिहिलं त्यावरून गज गंजले आहेत हे नक्की. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान काही पट वाढतं. ते फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. म्हणून खपली पडायच्या आधी पोकळ आवाज येतो.

आपल्याकडे याला दोन कारणं असतात. एक, वरून झिरपणारं पाणी. तुमच्यावर गच्चीच आहे, म्हणजे उतार बिघडला असेल किंवा पन्हाळीचं तोंड बुजलं असेल. दुसरं, खारपाण पट्ट्यात बांधकाम बोअरच्या पाण्यावर झालं असेल तर क्षार पहिल्या दिवसापासून काँक्रीटच्या पोटात आहेत. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. इकडच्या कित्येक बोअरचं पाणी त्याच्या पुढे जातं, पण तपासतो कोण.

आता काय पाहायचं ते. स्लॅबचा किती भाग पोकळ वाजतो ते खडूनं आखून घ्या, बाजूला तारीख लिहा. मग बीम आणि कॉलम पाहा. कॉलममध्ये गजाच्या रेषेत उभी भेग असेल, तर ते काम मिस्त्रीचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवा, थांबू नका. दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या भेगा मात्र वेगळ्या. त्या बहुतेक काळ्या मातीच्या असतात. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असला की भिंत तिच्यासोबत हलते. अशा भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरनं आडवी चिकटवून ठेवा. काच तडकली म्हणजे हालचाल अजून सुरू आहे. आणि ज्या चेंबरवरून तुम्ही भरकन पुढे गेलात, तेही पायाशी संबंधित आहे. एकाच कोपऱ्यात पाणी मुरत राहिलं की तिथलीच माती फुगते.

दुरुस्ती म्हणजे पुट्टी मारणं नाही. पोकळ भाग टणक काँक्रीट लागेपर्यंत फोडायचा, गज तारेच्या ब्रशनं लख्ख करायचे, गंजरोधक लावायचं, मग बाँडिंग कोट (जुन्या काँक्रीटला नवा मसाला धरून ठेवणारा थर) आणि पॉलिमर मिसळलेला मसाला. गज खूप झिजला असेल तर शेजारी जोडगज. हे करण्याआधी गच्चीची गळती बंद झाली पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत परत तेच. काम होईपर्यंत त्या भागाखाली टेकू लावा. आणि गच्चीवर त्याच जागी कोणी पाण्याची टाकी ठेवली आहे का, ते आधी पाहा.

मुक्कामी_गाडी:
आबा, खाट कालच हलवली. आई आता समोरच्या खोलीत आहे. साइटवरचे भाऊ, टाकी ठेवली आहे. शेजारच्या फ्लॅटवाल्यांनी हजार लिटरची, बरोबर डागाच्या वर. हे माझ्या ध्यानातच आलं नसतं.

कोर्टाच्या_मागे:
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. घर राहण्यालायक ठेवणं ही मालकाची जबाबदारी. तो करत नसेल तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, नंतर वाजवी मुदतीत त्यानं काम केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तुमचं वर्षाचं भाडं ५४,००० होतं, म्हणजे मर्यादा १३,५००. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातले दिवे या अत्यावश्यक सेवा आहेत. मालकानं त्या विनाकारण तोडल्या किंवा रोखल्या तर कोर्टात अर्ज करता येतो.

आता घाई करू नका. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या भागांनाच लागू आहे, तुमचं गाव त्यात येतं का ते पाहून घ्या. आणि तुमच्या ११ महिन्यांच्या कागदावर "लिव्ह अँड लायसन्स" (म्हणजे भाडेकरूचा हक्क नाही, फक्त राहायची परवानगी) लिहिलं असेल, तर कलम १४ सरळ तुमच्या कामी येणार नाही. मग मालकाची लेखी संमती घेऊनच पैसे कापा. व्हॉट्सअपवर "हो, कापा" असं आलं तरी जपून ठेवा. नोटरीच्या कागदावर विसंबू नका. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. किराया कधीही बंद करू नका. तो थकला की तुमची बाजू लंगडी पडते. किरायाची पावती मागा, ती देणं मालकाला बंधनकारक आहे.

वकिलाचे पैसे कुठून आणू असं वाटत असेल तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. महिलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते पाहत नाहीत. हेल्पलाइन १५१००.

नागपूरहून_मालक:
मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझा फ्लॅट मूर्तिजापूरला, नोकरी नागपुरात. बाहेरगावी राहणाऱ्या मालकाला गंजलेला गज दिसत नाही, दर महिन्याचा किराया दिसतो. त्यामुळे "फ्लॅटची किंमत जाते आहे" या भाषेत बोला. उघड्या गजांचा व्हिडिओ काढा आणि बाराही मालकांचा एक ग्रुप करून त्यात टाका. गच्ची एकट्या तुमच्या मालकाची नाही, सगळ्यांची आहे. तो खर्च बारांत वाटला तरच होईल.

सोसायटीचं म्हणाल तर १९६३ च्या मालकी फ्लॅट कायद्याप्रमाणे ती करून देणं बिल्डरचं काम होतं. त्यानं टाळलं तरी फ्लॅटधारकांना स्वतः सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाता येतं. सह्या मात्र मालकांच्याच लागतात, किरायेदारांच्या चालत नाहीत. तिथं राहणाऱ्या तीन मालकांना आधी हाताशी धरा. जिन्यातला अंधार त्यांच्याही घरापुढे आहे.

मीटरचं सोपं आहे. ग्राहक क्रमांक टाकून कोणीही बिल भरू शकतं. बारा भाग करा, पावती ग्रुपवर टाका.

उपकेंद्रवाली:
सगळे स्लॅबवर बोलले, मी खालच्या टाक्यावर बोलते. मोटर बंद आहे, म्हणजे पाणी साचून राहतं आणि झाकण उघडंच राहत असेल. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत उडणारा डास तयार होतो. आठवड्यातून एक दिवस टाकं रिकामं करून, घासून, कोरडं करा. तुमच्या भागातल्या आरोग्य सेवकाला सांगा, तो ॲबेट (डासांच्या अळ्या मारणारं औषध) टाकून देईल आणि पाण्याची ओटी टेस्टही (पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणारी) करून देईल. तुंबलेल्या चेंबरचं पाणी टाक्यात झिरपतं का, हे त्याला मुद्दाम पाहायला लावा. मुलाला ताप आला तर गोळी देऊन थांबू नका.

मुक्कामी_गाडी:
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, सणाच्या जादा गाड्या होत्या.

ग्रुप झाला. आधी कोणी बोलेना. मग अमरावतीच्या एका मालकीणबाईंनी व्हिडिओ पाहून स्वतः फोन केला आणि त्यांच्यामुळे बाकीचे बोलते झाले. मीटरचे पैसे दोघे सोडून सगळ्यांनी दिले. त्या दोघांचे तिथं राहणाऱ्या मालकांनी भरले, ते त्यांच्याकडून घेणार आहेत. लाइन जोडून झाली. मोटर पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा आईनं घरातला नळ किती तरी वेळ बंदच केला नाही. मी ओरडले, पाणी वाया जातंय म्हणून, तर म्हणाली, जाऊ दे गं आज.

गच्चीवरची टाकी सरकवली. आता ती कॉलमच्या डोक्यावर आहे. इंजिनिअर येऊन गेले. कॉलम ठीक आहेत म्हणाले, स्लॅबचा मधला भाग फोडावा लागेल. खालून दोन टेकू लावले आहेत. मिस्त्रीनं नऊ हजार सांगितले. कागदावर "लिव्ह अँड लायसन्स"च लिहिलं आहे, म्हणून मी मालकाकडून लेखी मागितलं. ते "काम करा, नंतर पाहू" म्हणतात. नंतर पाहू मला चालणार नाही. गच्चीची दुरुस्ती आणि किरायातून कापायची रक्कम, दोन्ही लिहून आल्याशिवाय मी मिस्त्रीला हातोडा लावू देणार नाही. नोटीस स्पीड पोस्टानं पाठवते आहे. सोबत फोटो, इंजिनिअरचं पत्र आणि खडूनं आखलेल्या भागाचं माप.

कोर्टाच्या_मागे दादा, मराठीत नोटिशीचा एखादा साधा मसुदा असेल तर इथं टाका. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी किरायेदारांच्या बाथरूमचं छत असंच फुगलं आहे. त्याही पाठवायला तयार आहेत.