परदेशी साइटवरची स्वस्त एसएसडी घ्यावी काय?

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ): सेतू केंद्रातल्या जुन्या लॅपटॉपले 1 टीबी एसएसडी (डेटा साठवायची चिपवाली ड्राइव्ह) पाहिजे. परदेशी साइटवर अर्ध्या भावात दिसते. घ्यावी काय भाऊ?

उत्तर 1: पहिले लॅपटॉपातला स्लॉट (ड्राइव्ह बसवायची खाच) पाहा. एम.2 (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट फक्त साटा (जुनी, हळू जोडणी) चालणारा असला, तर त्यात एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) एसएसडी बसली तरी चालणार नाही. भावात कस्टम ड्युटी अन् आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) धरा, मंग सांगा अर्धा भाव!

उत्तर 2: नकली ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्राममध्ये) आकडाच खोटा असते. विंडोज 931 जीबी (म्हणजे 1 टीबीच) दाखवते, आत चिप 64 जीबीची. ते भरलं की नवा डेटा जुन्यावर चढते. फाइलचं नाव दिसते, फाइल उघडत नाही. क्विक फॉरमॅटनं हे कळत नाही. एच2टेस्टडब्ल्यू (ड्राइव्ह भरून तपासायचा प्रोग्राम) पूर्ण ड्राइव्हवर चालवा, चार्जर लावून. लाइन गेली अन् बॅटरी उतरली की पुन्हा पहिल्यापासून.

उत्तर 3: पाकीट फोडतानाच व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल दिसलं पाहिजे. परतीची मुदत संपायच्या आत टेस्ट उरका.