मदत हवी आहे: सहाव्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन १३.४, कमी आहे का?

नमस्कार. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय. माझ्या डॉक्टर परवापर्यंत गावाला गेल्यात, म्हणून इथे विचारते.

वय ३३. गेल्या वर्षी एक मिसकॅरेज. आता शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहावा आठवडा. पाळी पहिल्यापासून ३५ दिवसांची. सोनोग्राफीत सॅक (गर्भाची पिशवी) दिसली, गर्भाशयातच आहे, ठोके अजून नाहीत. पुन्हा सोनोग्राफीला बोलावलंय. ब्लीडिंग नाही, दुखत नाही.

प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला लागणारं हार्मोन) १३.४ एनजी/एमएल. पहिल्या तिमाहीसमोर ११ ते ४४ छापलंय, म्हणजे मी जेमतेम काठावर पास. लंडनच्या नणंदेचं याच सुमारास ६० होतं म्हणे! हे ऐकल्यापासून सासूबाई मला पलंगावरून उतरू देत नाहीत.

डायड्रोजेस्टेरॉनच्या (प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणाऱ्या औषधाच्या) गोळ्या चालू आहेत. आठवड्याने परत टेस्ट केली तर आकडा वाढलेला दिसेल का? आणि दिवस राहायच्या आधी पाळीच्या २१व्या दिवशीची याचीच टेस्ट १.१ आली होती, तेव्हा 'बीज तयार होत नाही' असं एका ठिकाणी सांगितलं होतं. माझ्यात हे हार्मोन मुळातच कमी आहे का?

सातासमुद्रापार: अगं, नणंदेच्या रिपोर्टवरचं युनिट बघ आधी. इथे इंग्लंडात नॅनोमोलमध्ये मोजतात. एक एनजी म्हणजे ३.१८ नॅनोमोल. तिचे ६० म्हणजे तुमच्याकडचे १९. तुझे १३.४ इकडे ४२.६ छापून आले असते.

लाल_टोपीची_नळी: ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. गोळ्यांचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरच सांगतील. आकड्यांपुरतं मी बोलतो.

आधी ते २१व्या दिवसाचं, कारण ते ऐकून माझी चिडचिड होते. ही टेस्ट २१व्या दिवशी करतात ती २८ दिवसांची पाळी धरून. खरा नियम असा, की पुढची पाळी यायच्या सात दिवस आधी रक्त द्यायचं. तुमची ३५ दिवसांची, म्हणजे २८वा दिवस. २१व्या दिवशी तुमचं बीज जेमतेम बाहेर पडत असणार, तेव्हा १.१ येणारच! बीज सुटण्याआधी हा आकडा सगळ्यांचाच एकच्या आसपास किंवा खाली असतो. नंतर ३ च्या वर गेला की बीज सुटलं असं धरतात. मधल्या दिवसांत ५ ते २० काहीही दिसतं.

हाच हिशोब आताही लावा. पाळीपासून सहा आठवडे भरत असले, तरी तुमचा गर्भ एक आठवडा लहान असणार. ठोके न दिसण्याचं तेही कारण असू शकतं.

आता १३.४. बीज सुटल्यावर अंडाशयात कॉर्पस ल्युटिअम नावाची पिवळसर गाठ उरते. सुरुवातीला प्रोजेस्टेरॉन तिथूनच येतं, आणि नळाला पाणी यावं तसं झटक्याझटक्यानं येतं. सकाळी आणि दुपारी घेतलेल्या रक्तात दुपटीचा फरक पडू शकतो. सातव्या ते दहाव्या आठवड्याच्या दरम्यान वार (प्लॅसेंटा) हे काम हातात घेते. मग दुसऱ्या तिमाहीत साधारण २५ ते ८०, शेवटी दीडशे-दोनशेपर्यंत. गरोदरपणात ५ च्या खाली आलं तर काळजीचं, २५ च्या वर बहुधा ठीक. मधल्या आकड्यावरून एकट्याने काही ठरत नाही. तिथे सोनोग्राफी जास्त सांगते.

डायड्रोजेस्टेरॉन कृत्रिम असतं, आमचं यंत्र ते मोजत नाही. गोळ्या घेऊन आकडा वाढला नाही म्हणून त्या लागू पडल्या नाहीत असं समजू नका. टेस्टचे पैसे वाचवा. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटाच फुगतो.

निशिगंधा: मीही यातून गेलेय, म्हणून बरंच वाचलंय. ब्रिटनमध्ये २०१९ साली आलेल्या प्रिझम चाचणीत चार हजारांवर बायका होत्या. सरसकट सगळ्यांना प्रोजेस्टेरॉनचा ठोस फायदा दिसला नाही. आधी मिसकॅरेज झालेलं आणि आता ब्लीडिंग होतंय, अशांमध्ये मात्र दिसला. म्हणून तिथे अशा बायकांना योनिमार्गे ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. तुला थोडं जरी स्पॉटिंग दिसलं तर डॉक्टर येईपर्यंत थांबू नकोस, फोन कर. एका बाजूला खूप दुखलं किंवा चक्कर आली तर सरळ हॉस्पिटल गाठ. आणि पडून राहिल्याने मिसकॅरेज टळतं याला पुरावा नाही. सासूबाईंना सांग, चालायला हरकत नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. नणंदेने रिपोर्ट पाठवला, नॅनोमोलच आहे. डॉक्टरांना आता दोनच गोष्टी विचारणार: ३५ दिवसांच्या हिशोबाने सोनोग्राफी कधी करायची, आणि ब्लीडिंग नसताना गोळ्या किती दिवस घ्यायच्या. सासूबाईंना निशिगंधाचा प्रतिसाद वाचून दाखवला. गच्चीपर्यंत जायची परवानगी मिळाली आहे, जिना मात्र त्यांचा हात धरूनच.