जमीन स्वस्त म्हणून नव्हे

एकांनी लिहिलंय की अमेरिकेत घातक कचरा स्वस्त जमिनीवर जातो, तिथे गरीबच राहतात, मग यात वर्ण, म्हणजे कातडीचा रंग, कुठून आला? मला हे अजिबात पटत नाही. तिथल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचंच बघा. 1978 साली तिथल्या हमरस्त्यांच्या कडेने रात्री टँकरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेलं तेल सांडत नेलं. ती विषारी माती पुरायला राज्य सरकारने निवडली वॉरेन काउंटी, म्हणजे त्याच राज्यातला एक जिल्हा, जिथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. भूजल जमिनीखाली थोडक्यावरच, लोक विहिरींचं पाणी पिणारे! 1982 च्या सप्टेंबरात माणसं ट्रकपुढे रस्त्यावर आडवी झाली, 500 हून जास्त जणांना अटक झाली. माती तरीही तिथेच पुरली, आणि ती निर्विष करायला वीसेक वर्षं गेली.

राहिला गरिबीचा मुद्दा. 1987 मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या आयोगाने देशभरातल्या घातक कचऱ्याच्या जागा तपासल्या. उत्पन्न, घरांच्या किमती, सगळं लावून पाहिलं. सर्वात ठळक संबंध निघाला तो वर्णाशीच. पर्यावरणीय न्यायाबाबतचा, म्हणजे प्रदूषणाचा भार ठराविक लोकांवरच पडू नये यासाठीचा, तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांचा 1994 चा आदेश याच लढ्यातून आला. ट्रम्प यांनी जानेवारी 2025 मध्ये तो रद्दही केला. त्यामुळे हा जुना इतिहास आहे असं कृपया म्हणू नका.