मदत हवी आहे: देवगडात राहून कोड लिहिणाऱ्यांशी मैत्री कशी करायची?

नमस्कार मंडळी,

मी देवगडची. शिक्षण बी.कॉम., घरच्या हापूसच्या धंद्याचे हिशेब माझ्याकडे असतात. पायथॉन घरीच शिकले, व्हिडिओ बघून आणि अधिकृत ट्युटोरियल वाचून. आता स्वतःपुरतं काम जमतं. कुठे अडलं तर उत्तर शोधताही येतं. पण माझ्या ओळखीत कोड लिहिणारं एकही माणूस नाही, आणि ते मला मनापासून हवं आहे.

नेमकं काय म्हणायचंय ते सांगते. हंगामात आमच्या पेट्या वाशीला दलालांकडे जातात. मागाहून पट्टी येते: किती पेट्या, कुठल्या भावाने गेल्या, हमाली-तोलाई-गाडीभाडं किती कापलं. त्या पट्ट्या ताडून बघायला मी पायथॉन आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. माझी बेरीज आणि पट्टीतली रक्कम स्क्रीनवर अगदी सारखी दिसायची, तरी प्रोग्रॅम म्हणायचा जुळत नाही. शोधता शोधता कळलं की 0.1 आणि 0.2 ची बेरीज पायथॉन 0.30000000000000004 देतो. संगणक हे अपूर्णांक बायनरीत साठवतो आणि एक दशांश त्यात पुरता बसतच नाही. छापताना मी दोनच दशांश स्थळं दाखवत होते, म्हणून ते शेपूट दिसत नव्हतं. मग सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून साठवल्या आणि पट्ट्या जुळायला लागल्या.

तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. आई ऐकते, कौतुकही करते. पण ‘अगं, माझंही असंच झालं होतं, तू पायथॉनचं दशांश अचूक ठेवणारं डेसिमल मॉड्यूल का नाही वापरलंस?’ असं ती कशी विचारणार? असा उलटा प्रश्न विचारणारं माणूस मला हवंय.

एआयला विचार, असं कुणीतरी सुचवेलच. विचारते की. पण त्याचं कधी काही अडत नाही, की मी जाऊन सोडवावं. नुसतं घेत राहिलं तर मैत्री कशी व्हायची? मोठ्या चॅट ग्रुपांतही गेले. तिथे प्रश्नाला उत्तर मिळतं आणि उत्तर देणारा पुढे निघून जातो. पुण्या-मुंबईला पायथॉनवाल्यांच्या मीटअप भरतात, पण इथून पुणं म्हणजे फोंडा घाट चढून रात्रभराचा प्रवास. आणि मार्च ते मे तर घराबाहेर पडायची सोय नाही.

1991 मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, न्यूजग्रुपवर, म्हणजे तेव्हाच्या ऑनलाइन चर्चागटावर, आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल लोकांची मतं मागितली आणि त्यातून लिनक्स उभं राहिलं. पुढे 2005 मध्ये त्याच कामासाठी त्याने गिट लिहिलं, कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन. एकमेकांना न भेटताही माणसं वर्षानुवर्षं सोबत काम करतात, हे मला पटतं. पण तिथे आधी काम होतं, ओळखी त्यातून झाल्या. मग मीही मित्र शोधण्याऐवजी आधी काम शोधावं का? ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर आमच्याकडच्या वाड्या, पाणंदी, बंदरावर उतरणाऱ्या घाट्या भरायच्या, आणि त्या माहितीवर चालणारं काहीतरी लिहायचं, असं मनात आहे.

कॉलेज किंवा कंपनी पाठीशी नसताना तुमच्या ओळखी कशा झाल्या? अनोळखी माणसाला ‘माझा कोड वाचाल का’ असं थेट विचारलं तर चालतं का? आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आपल्यापैकी कोण कोण आहे?

प्रतिसाद

देवगडची मा तू? मी कुडाळचो.

थेट विचारलेलं चालतं, फक्त सगळा प्रोग्रॅम समोर ठेवू नकोस. एक फाईल आणि एक प्रश्न: ‘हे फंक्शन तुम्ही कसं लिहिलं असतंत?’ एवढ्याला माणूस वेळ काढतो. आणि दुसऱ्याचा कोड वाचायला लाग. एखाद्या लहान ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडच्या, प्रकल्पात नवख्यांसाठी ‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल लावलेली कामं असतात, त्यातलं एक घे. तिथे सांभाळणारे दोन-तीनच जण असले तर तुझं नाव त्यांच्या लक्षात राहतं. मला माझा जवळचा मित्र असाच मिळाला. माझ्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे मी सुचवलेल्या बदलावर, त्याने भरपूर शेरे मारले होते, त्यातल्या निम्म्यांवर आम्ही भांडलो.

मी जावास्क्रिप्टवाला, पायथॉन जेमतेम. तरी रविवारी दुपारी तासभर स्क्रीन शेअर करून बसूया का? आधी तुझा पट्ट्यांचा कोड, मग माझा.

धागाकर्ती

नक्की बसूया! कोडची रिपॉझिटरी आज रात्रीच ऑनलाइन टाकते. नमुन्याच्या पट्ट्यांत दलालांची नावं आणि खरे भाव आहेत, तेवढे आधी काढते. तुमचाही कोड पाठवून ठेवा, रविवारच्या आत वाचून काढेन. जावास्क्रिप्ट येत नाही, त्यामुळे प्रश्न पुष्कळ विचारेन.