क्षारपड रानात उसाऐवजी कापूस लावला तर परवडंल का? (शिरोळ)

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं सव्वा एकर रान कोल्हापूरच्या शिरोळ भागात नदीजवळ हाय, वडलांनी तिथं उसाशिवाय दुसरं काय घेतलंच न्हाई. आता उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं मीठ फुलतंय, खोडव्याचं (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाचं) बुडखं काळं पडून हातात उपटून येत्यात, टनेज निम्म्यावर आलं पण खताचा खर्च हाय तेवढाच. एकानं सांगितलं कापूस क्षाराला दम धरतो, पाणीबी कमी लागतं. आपल्याकडं कापूस करणारं माझ्या ओळखीत कोण न्हाई म्हणून इथं विचारतोय, एकरी पैसा नेमका कुठं जातो आणि बोंडअळीचं काय करायचं? मे संपायच्या आत ठरवायचंय.

जालन्याचा, सध्या इचलकरंजीत:
दादा, आमच्या घरी तीन पिढ्या कापूसच आहे म्हणून सांगतो. बियाण्याला घाबरू नका, 475 ग्रॅमच्या बीटी (बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेल्या) बियाण्याच्या पाकिटाचा कमाल दर 2025 ला 901 रुपये होता, एकरी दोन पाकिटं धरा. खरा पैसा जातो फवारणीत आणि वेचणीत. वेचणी किलोवर द्यावी लागते, तीन-चार वेळा बाया लावाव्या लागतात, आणि तुमच्याकडं कापूस वेचायची सवय असलेल्या बाया मिळतील का हे आधी बघा.

दुसरं म्हणजे विकणार कुठं? इचलकरंजी जवळ आहे म्हणून लोकांना वाटतं माल तिथंच जाईल, पण इथं मागाला सूत लागतं, शेतातला कापूस नाही. त्याची आधी जिनिंगला सरकी, म्हणजे बी, काढावी लागते, क्विंटलमागं रुई (बी काढलेला कापूस) साधारण 33 ते 35 किलोच निघते. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्यासाठी 7710 आणि लांब धाग्यासाठी 8110 रुपये होता, पण जवळ खरेदी नसेल तर गाडीभाडं त्यातनंच जाणार.

माती-परीक्षण करा:
कापूस उसापेक्षा क्षार सोसतो हे खरं आहे, पण साचलेलं पाणी त्याला अजिबात सोसत नाही, आणि तुमच्या रानाचा मूळ रोग पाण्याचा दिसतोय. पाऊस लागून राहिला आणि मुळाशी पाणी तुंबलं की बोंडं लागलेलं झाड एका दिवसात मान टाकतं. आधी मातीचा ईसी (क्षार किती ते सांगणारा आकडा) आणि सामू (पीएच) काढून घ्या. सामू 8.5 च्या वर असेल आणि रान चोपण (सोडियम वाढून घट्ट, चिकट) झालं असेल तर जिप्सम उपयोगी पडतं, नुसतं क्षारयुक्त असेल तर निचराच पाहिजे, जिप्समचे पैसे वाया जातील. निचऱ्यासाठी जमिनीखाली घालायचे सच्छिद्र पाईप एकट्यानं टाकून जमत नाही, पाणी सोडायला नाला लागतो, म्हणून शेजारच्या बांधवाल्यांना धरून करा.

पंचगंगाकाठ:
शेजारी तयार हायत ओ, नाल्याच्या वाटंवरनंच जरा वाद हाय. तोवर अर्धा एकर कापूस लावून बघू का? अळीचं पण सांगा की.

जालन्याचा, सध्या इचलकरंजीत:
अर्ध्या एकरापुढं जाऊ नका. आणि 1 जूनच्या आधी लावूच नका, कितीही पाणी असलं तरी. लवकर लावलेल्या कापसाला लवकर फुलं येतात आणि गुलाबी बोंडअळीला आयतं घर मिळतं. 2017 ला आमच्याकडं बोंडं वरनं हिरवीगार, फोडली की आत सरकी पोखरलेली. बीटी-2 (बीटीचाच पुढचा प्रकार) वर भरवसा ठेवून आम्ही आत बघितलंच नव्हतं.

फुलावर आलं की रोज सकाळी वीस झाडं हिंडा. एखादं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुलाबासारख्या मिटून पीळ बसलेला असतो, तिला डोमकळी म्हणतात. ती उघडली की आत बारीक अळी सापडते. तोडून पिशवीत घाला आणि जाळा, रानात टाकून देऊ नका. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली तरच औषध मारा. त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क, उन्हाळ्यात निंबोळ्या गोळा करून ठेवल्या तर जवळजवळ फुकट पडतो. दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र करून देतो ती घेऊ नका, आमची खर्चाची अर्धी वही त्यातच भरली होती. युरिया जास्त टाकला की पानं लुसलुशीत होतात आणि रस शोषणारे तुडतुडे हमखास येतात.

फवारताना तोंडाला कापड, पूर्ण बाह्या, आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेनं चालायचं नाही. 2017 ला यवतमाळात फवारणीनं माणसं गेलीत दादा, हे हलक्यात घेऊ नका. डिसेंबरअखेर पीक मोकळं करा, फरदड (जुन्याच झाडांवर पुढं घेतलेलं पीक) ठेवू नका.

पंचगंगाकाठ:
लई उपकार झाले. वडलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले आधी माती तपासून आण. उद्या सव्वा एकरातनं सहा ठिकाणची माती काढतो, मीठ फुललंय तिथली वेगळ्या पिशवीत. नाल्याचं बोलायला शेजारच्या काकांना संध्याकाळी घरी बोलवलंय.