मदत हवी आहे: महापालिकेच्या मतदार यादीत घरातल्या चौघांच्या चार तऱ्हा

रानअबोली | २३ नोव्हेंबर २०२५

महापालिकेच्या सार्वत्रिक निवडणुकीची प्रारूप मतदार यादी २० तारखेला लागली. हरकती २७ पर्यंतच घेणार आहेत, म्हणून घाईत धागा काढतेय. आधी कुठे चर्चा झाली असेल तर लिंक द्या.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही भाड्याचं घर सोडून सासूबाईंच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. शहर तेच, प्रभाग वेगळा. आता एकेकाचं ऐका.

मी: पत्ता बदलण्यासाठी ऑगस्टमध्ये नमुना ८ ऑनलाइन भरला. बीएलओ (केंद्रस्तरीय मतदार नोंदणी अधिकारी) बाई घरी येऊन बघून गेल्या, मंजुरीचा मेसेजही आला. निवडणूक आयोगाच्या साइटवर मतदार कार्डाचा नंबर टाकला की नवा पत्ता, नवं केंद्र व्यवस्थित दिसतं. पण प्रभागाच्या यादीत मी अजून जुन्याच घरी!

सासूबाई: वीस-बावीस वर्षं याच फ्लॅटमध्ये. विधानसभेला समोरच्या शाळेत मत दिलं. आता नाव रस्त्यापलीकडच्या प्रभागात. आमच्या विंगमधली बरीच नावं तिकडेच गेलीत म्हणे.

नवरा: एप्रिलमध्ये सोसायटीत नावनोंदणीचं शिबिर झालं होतं. तिथल्या कार्यकर्त्याने त्याचा नमुना ६ भरून घेतला. नवीन नाव लागलं, पण जुन्या घरचंही तसंच आहे. दोन्ही प्रभागांत नावापुढे दोन फुल्या छापल्यात.

लेक: ऑगस्टमध्ये १८ पूर्ण. यादीत नाव नाही. फार हिरमुसली आहे.

कुणाचं काय होऊ शकतं आणि कुठे जायचं?

---

चौकस

ताई, सगळ्यांचे नमुना ६ भरून टाका ऑनलाइन. निवडणूक जाहीर व्हायची आहे अजून, तोवर नावं लागतील. आमच्याकडे विधानसभेच्या वेळी शेवटच्या आठवड्यापर्यंत घेत होते.

---

खडूफळा

चौकस, थांबा थांबा. असंच सांगून त्यांच्या मिस्टरांचं नाव दोनदा लागलंय!

रानअबोली ताई, मी शिक्षक, बरीच वर्षं बीएलओचं काम केलंय. गोंधळ एकाच गोष्टीचा आहे, तो सुटला की चौघांची उत्तरं आपोआप मिळतील.

महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग. लोकसभा-विधानसभा घेतो भारत निवडणूक आयोग. ही दोन वेगळी घटनात्मक कार्यालयं आहेत, दोन्हींना आपण सरसकट 'आयोग' म्हणतो. नावनोंदणी फक्त भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे होते. नमुना ६, ७, ८, बीएलओ, १९५० हेल्पलाइन, सगळं त्यांचं. राज्य आयोग स्वतःची वेगळी नोंदणी करत नाही. तो एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी जशीच्या तशी उचलतो आणि तिचे प्रभागांप्रमाणे तुकडे पाडतो. या वेळची तारीख होती १ जुलै २०२५.

म्हणजे १ जुलैला तुमचं नाव विधानसभेच्या यादीत होतं का आणि कुठल्या पत्त्यावर होतं, एवढाच प्रश्न. त्यानंतर केलेलं वाया गेलेलं नाही, पण या निवडणुकीला ते लागू नाही.

आता हरकत म्हणजे काय, तर या तुकडे पाडण्यात झालेल्या चुका दाखवणं. विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभागाच्या यादीत गळलं, चुकीच्या प्रभागात गेलं, लेखनिकाने नाव चुकवलं, एवढंच दुरुस्त होतं. नवीन नाव घालायचा किंवा काढायचा अधिकार महापालिकेच्या त्या टेबलावरच्या माणसाकडे नाहीच. लोक त्याच्याशी भांडत बसतात, तो बिचारा काय करणार?

तर तुमचं: नमुना ८ ऑगस्टचा, म्हणून जुना प्रभाग. या वेळी मत तिकडेच जाऊन द्यायचं. हरकत घेऊन उपयोग नाही.

सासूबाई: ही अस्सल हरकत. अजिबात सोडू नका.

मुलगी: १ जुलैला १८ पूर्ण नव्हती, म्हणून या खेपेला नाही. पण आता पात्रतेच्या तारखा वर्षातून चार असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. ती १ ऑक्टोबरला पात्र झाली. आजच नमुना ६ भरा. फोटो, जन्मदाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, पत्त्याचा पुरावा, घरातल्या एकाच्या कार्डाचा नंबर. झालं.

मिस्टरांचं निवांत लिहितो, तास घ्यायचाय.

---

रानअबोली

खडूफळा सर, मनापासून धन्यवाद. साइटवर एक आणि यादीत दुसरं, यातलं खोटं कुठलं याच विचारात दोन दिवस गेले. दोन्ही खरी आहेत हे लक्षातच आलं नव्हतं.

सासूबाईंच्या हरकतीला पुरावा काय लावू?

---

टिवल्याबावल्या

माझाही प्रश्न घ्या धाग्यात. यादीच्या पीडीएफमध्ये नाव शोधताच येत नाही. सगळी पानं फोटोसारखी, सर्च मारला की शून्य. आमच्या प्रभागाची शेकडो पानं आहेत आणि इमारतींचा क्रम काय लावलाय ते ब्रह्मदेवाला ठाऊक. घर क्रमांकाच्या जागी निम्म्या लोकांपुढे नुसती आडवी रेघ!

---

खडूफळा

पीडीएफ चाळत बसू नका. राज्य निवडणूक आयोगाच्या साइटवर नावाने किंवा कार्डाच्या नंबराने शोधता येतं, त्यांचं 'मताधिकार' नावाचं अॅपही आहे. नावाने शोधताना स्पेलिंगची भानगड होते (सौ. आहे, श्रीमती आहे, मधलं नाव नाही...), म्हणून कार्डाचा नंबरच टाका.

रानअबोली ताई, सासूबाईंच्या बाबतीत एक करा. प्रभाग यादीत प्रत्येक मतदाराच्या चौकटीत विधानसभेच्या यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांकही छापलेला असतो. तो टिपून घ्या. शेजारच्या फ्लॅटमधल्या, बरोबर प्रभागात असलेल्या एखाद्याचाही घ्या. भाग एकच, इमारत एकच, आणि प्रभाग मात्र दोन, हे कागदावर शेजारी शेजारी ठेवलं की साहेबांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हद्द ठरवणाऱ्या अधिसूचनेत प्रभागाच्या चतु:सीमा दिलेल्या असतात, त्यात तुमचा रस्ता सापडला तर सोन्याहून पिवळं. आधार किंवा वीजबिलाची प्रत, कार्डाची प्रत आणि हरकतीचा छापील अर्ज. प्रभाग कार्यालयात द्यायचा. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

हे का होतं तेही सांगतो. विधानसभेचे यादी भाग आणि महापालिकेचे प्रभाग यांच्या हद्दी जुळत नाहीत. एक भाग दोन प्रभागांत विभागला गेला की कर्मचारी यादी आणि नकाशा घेऊन ओळीओळीने ठरवतात की हे नाव इकडे, ते तिकडे. तुमच्यासारखी हद्दीच्या रस्त्यावरची इमारत असली आणि पत्त्यात नुसतं 'मेन रोड' लिहिलेलं असलं की नाव पलीकडे जातं. दरवेळी यात मुद्दाम केलेलं काही असतंच असं नाही. पण अख्खी विंग गेली असेल तर सगळ्यांनी मिळून जा.

आता दोन फुल्या. त्याचा अर्थ 'संभाव्य दुबार मतदार'. नाव काढून टाकलेलं नाही. पालिकेचे लोक घरी येऊन विचारतील की कुठल्या केंद्रावर मत देणार, आणि तसं लेखी घेतील. ते लिहून द्या, म्हणजे फक्त त्याच केंद्रावर देता येईल. कुणी आलंच नाही तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर 'दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणार नाही' असं हमीपत्र द्यावं लागेल आणि ओळखपत्र नीट तपासतील. बाकी मूळ दुखणं म्हणजे जुनी नोंद. ती काढायला नमुना ७ भरा. घर बदललं की नमुना ८, पहिल्यांदाच नाव घालायचं तर नमुना ६, एवढं शिबिरवाल्यांनी पाठ केलं तरी निम्म्या फुल्या कमी होतील.

---

टिवल्याबावल्या

मग आमच्यासारख्यांचं काय? नाव इथेही आहे आणि गावाकडे आईवडिलांच्या घरीही. गावची नोंद भावकीने मुद्दाम ठेवलीय, जिल्हा परिषदेला एकेक मत मोजतात तिकडे. दोन्ही निवडणुका वेगळ्या दिवशी झाल्या तर दोन्हीकडे दिलं तर चालेल ना?

---

खडूफळा

नाही चालत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, आणि तिथेही एकदाच, असं स्पष्ट आहे. नोंदणीच्या अर्जात खोटं निवेदन केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याच निवडणुकीत एकदा मत देऊन पुन्हा मागायला गेलात तर तो तोतयेगिरीचा वेगळा गुन्हा. भावकीला सांगा, पाहिजे तर गावचंच ठेवतो आणि इथलं काढतो. पण एकच.

---

चौकस

माझं म्हणणं मागे घेतो. पण १ जुलैनंतर राहायला आलेल्याने रस्त्याच्या खड्ड्यांसाठी जुन्या प्रभागातला नगरसेवक निवडायचा, हे विचित्र नाही का?

---

खडूफळा

विचित्र आहेच. तारीख आणि मतदान यात इतकं अंतर नको, हे माझंही मत. पण तारीखच नसेल तर निवडणुकीच्या तोंडावर एकेका खोलीत पन्नास-पन्नास नावं घुसवणारे बसलेलेच आहेत. कुठेतरी रेघ मारावी लागते.

---

रानअबोली | १ डिसेंबर

अपडेट: हरकतींची मुदत ३ डिसेंबरपर्यंत वाढली आहे, ज्यांचं राहिलंय त्यांनी उरकून घ्या.

आमच्या विंगमधल्या अकरा जणांनी एकत्र अर्ज दिले. काउंटरवरच्या बाईंनी आधी 'ऑनलाइन करा' म्हणून परत पाठवायला सुरुवात केली होती. सरांनी सांगितल्याप्रमाणे भाग क्रमांकांचा कागद पुढे केला, तो त्यांनी नकाशाशेजारी ठेवला, बोटाने रस्ता शोधला आणि म्हणाल्या, 'अहो, हे तर सगळंच अलीकडे यायला पाहिजे.' पोच मिळाली. पाहणीला माणूसही येऊन गेला.

---

कोपरापाणी | ३ डिसेंबर

थोडं अवांतर. आमच्या नगरपरिषदेचं मतदान काल झालं. आमच्याकडे नगराध्यक्ष थेट निवडायचा, शिवाय प्रभागाचे दोन सदस्य, अशी एकाच वेळी तीन मतं. माझ्यापुढच्या आजोबांनी नगराध्यक्षाचं बटण दाबलं आणि निघाले! मशीन काही वाजेना. केंद्राध्यक्षांनी जागेवरूनच 'बाबा, अजून दोन राहिली' असं सांगितलं. घरातल्या ज्येष्ठांना आधीच समजावून ठेवा.

---

रानअबोली | १७ डिसेंबर

मतदान १५ जानेवारीला, मोजणी १६ ला, हे आता सगळ्यांना कळलंच असेल. अंतिम यादीत सासूबाई आमच्या प्रभागात आल्या! नवऱ्याने नव्या पत्त्याचं केंद्र लिहून दिलं, जुन्यासाठी नमुना ७ भरलाय. लेकीचाही अर्ज गेला.

शेवटचे दोन प्रश्न. आमचा प्रभाग चार सदस्यांचा आहे. सासूबाई म्हणतात, मला एकाच उमेदवाराची माहिती आहे, मी एकच बटण दाबणार. चालेल का? आणि त्यांचं कार्ड इतकं जुनं आहे की फोटो ओळखू येत नाही.

---

खडूफळा

सासूबाईंचं अभिनंदन सांगा.

चार जागा म्हणजे अ, ब, क, ड. चार वेगळ्या निवडणुका एकाच पडद्याआड आहेत असं समजा. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. प्रत्येक रंगात एक बटण दाबायचं. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर त्या रंगातलं शेवटचं 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबायचं. चारही झाली की मोठा बझर वाजतो आणि तेव्हाच मतदान पूर्ण होतं. म्हणजे आजींना एक उमेदवार आणि तीन वेळा नोटा, असं खुशाल करता येईल. फक्त बझर ऐकूनच बाहेर या म्हणावं. एका जागेत दोन बटणं दाबून दोघांना मत देता येत नाही. उमेदवार जास्त असले तर यंत्रं दोन-तीन शेजारी लावलेली असतात, तेव्हा शेवटपर्यंत नजर टाकायची.

कार्डाचं टेन्शन नको. आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, यातलं काहीही चालतं. मूळ प्रत न्या, मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका, मोबाइल आत नेऊ देत नाहीत. आणि नुसतं कार्ड असून भागत नाही, नाव यादीत लागतं.

---

टिवल्याबावल्या

विधानसभेला मत दिल्यावर काचेत चिठ्ठी दिसायची, ती इथे दिसेल ना? आमच्याकडे यावरून आत्ताच वाद पेटलाय.

---

खडूफळा

नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट वापरत नाहीत. दिवा लागतो, बझर वाजतो, एवढंच. त्यावरचा वाद इथे नको, वेगळा धागा काढा.

---

मुंबैकर

आमच्याकडे एका प्रभागातून एकच नगरसेवक, २२७ प्रभाग, एकच बटण. तुम्हा चार-चारवाल्यांचं बघून दया येते. एक विचारायचं होतं: आपण पोचायच्या आत आपल्या नावावर कुणी मत देऊन गेलं असेल तर?

---

खडूफळा

परत फिरायचं नाही. केंद्राध्यक्षांना सांगायचं, ओळख पटवायची आणि प्रदत्त मत मागायचं. बोलीभाषेत टेंडर वोट. ते यंत्रावर होत नाही, छापील मतपत्रिकेवर शिक्का मारून वेगळ्या पाकिटात ठेवतात. पण अशी वेळ सहसा संध्याकाळी येणाऱ्यांवर येते, म्हणून सकाळीच उरका. वेळ साडेसात ते साडेपाच आहे, विधानसभेसारखी सात ते सहा नाही.

---

रानअबोली

हे बरं झालं सांगितलंत, आम्ही सहापर्यंत धरून चाललो होतो. मला जुन्या प्रभागात जायचंय, तेव्हा आधी मी तिकडे आणि मग सासूबाईंना घेऊन इकडे, असं ठरवतेय. तिकडच्या केंद्राचा पत्ता 'मताधिकार'वर बघून ठेवते.